हिरवा काका आणि कपाट

मावशी, नमस्कार.

मी पिंपळे सौदागरला राहते. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पावणेपाचचा. गेल्या महिन्यात सोसायटीतल्या एका वाढदिवसाला मुलीला रिटर्न गिफ्ट म्हणून रंगवायचं पुस्तक मिळालं. आत सगळे झॉम्बी. भयानक नाहीत, गोंडस आहेत. एकाच्या हातात आईस्क्रीम, एकाच्या डोक्याला बँडेज, एकीचा पुढचा दात पडलेला. मुलीला त्याचं वेड लागलंय. शाळेतून आली की दप्तर भिरकावते आणि रंग काढते. पुस्तक संपत आलं तशी नवऱ्याने ऑफिसातून आणखी पंचवीस पानं प्रिंट काढून आणली.

धाकटाही तिच्याशेजारी बसून रंगवायचा. पण गेल्या आठवड्यात तो दोनदा रात्री उठला आणि 'हिरवा काका कपाटात आहे' म्हणून रडला. तेव्हापासून सासूबाई चिडल्यात. मेलेल्या माणसांची चित्रं घरात, तीही ऐन पितृपक्षात, हे अभद्र आहे म्हणतात. नवरा म्हणतो, कागदाला काय घाबरायचं. मी मधल्या मध्ये. पुस्तक टाकून दिलं तर मुलगी घर डोक्यावर घेईल, ठेवलं तर रोजची धुसफूस.

शिवाय मुलगी सगळ्यांना एकच पोपटी रंग फासते, पानामागून पान. तिला काही शिकवता येईल का? मी स्वतः शाळेत चित्रकलेत काठावर पास.

ता. क. सासरे मागच्या वर्षी आषाढात गेले. परवा जेवताना धाकट्याने विचारलं, 'आबा पण झॉम्बी झाले का?' सासूबाई ताटावरून उठल्या. आणि त्याने बेडरूमच्या भिंतीवर हिरव्या खडूने काहीतरी काढून ठेवलंय, ते कशाने जाईल?

— मधल्या मध्ये अडकलेली

*

प्रिय मुली,

मावशी म्हटलंस म्हणून एकेरीतच लिहिते.

खरी गोष्ट माणसं ता. क.मध्ये लिहितात, हे पत्रं वाचून वाचून मला पाठ झालंय. वर पुस्तक, सासू, नवरा, रंग. आणि तळाशी, भिंतीवरच्या डागाच्या शेजारी, आबा. तेव्हा मी खालून सुरुवात करते.

धाकट्याने विचारलेला प्रश्न फार हुशारीचा आहे. त्याच्या जागी बसून बघ. सव्वा वर्षापूर्वी आबा होते, मग नव्हते. तेव्हा तो साडेतीनचा. त्याला बहुतेक 'आबा देवाघरी गेले' किंवा 'आबा झोपलेत' असं काहीतरी सांगितलं असणार, आपण सगळेच सांगतो. आता पितृपक्ष आला. घराघरांत खीर-वडे होतात, पान वाढून गच्चीवर नेलं जातं, सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहतात, आणि कावळ्याने चोच घातली की कुणीतरी हमखास म्हणतं, 'आले बघ, जेवायला आले!' त्याच दिवसांत ताईने त्याला समजावलं की झॉम्बी म्हणजे मेलेलं माणूस उठून चालायला लागतं. पोराने हिशोब मांडला. उत्तर चुकलं, पण रीत अगदी बरोबर. शाळेत याला अर्धे मार्क मिळतात.

मेलेलं माणूस परत येत नाही. त्याला भूक, थंडी, दुखणं काही राहत नाही. आणि हे कधी ना कधी सगळ्यांचंच होतं. या गोष्टी मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हळूहळू उमगतात, त्याही एकेक करून. तोपर्यंत मरण म्हणजे गावाला जाण्यासारखं काहीतरी, गेलेत, येतील. म्हणून या वयात गोड शब्द उपयोगाचे नाहीत. 'झोपले' हा शब्द तर या बाबतीत वापरूच नकोस, कारण रात्री त्यालाही झोपायचं असतं.

मग सांगायचं काय? मी माझ्या घरात असते तर हे म्हटलं असतं: 'नाही रे, आबा झॉम्बी नाही झाले. आबांचं शरीर खूप आजारी होतं (जे झालं असेल ते सांग), ते बंद पडलं. आता ते चालत नाहीत, त्यांना दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत. झॉम्बी गोष्टीतले असतात. आबा खरे होते.' एवढंच. पुढे तो काही विचारेल, किंवा 'मला बिस्किट दे' म्हणेल. दोन्ही ठीक. आणि आठवड्याने पुन्हा तोच प्रश्न येईल. तेव्हा तेच उत्तर, त्याच शब्दांत. वेळ दिवसाची निवड, शक्यतो हातात काही काम असताना. शेंगा सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना. समोरासमोर बसवून 'बाळा, आपल्याला बोलायचंय' असं केलंस की तो पळेल. मीही पळाले असते.

कावळ्याचं काय, असं तू विचारशील. ते आजीवर सोड. 'आपण आबांची आठवण काढतो, म्हणून त्यांना आवडायचं ते करतो आणि कावळ्याला देतो' हे आजी कुणाहीपेक्षा नीट सांगतील.

आता आजीच. त्या ताटावरून उठल्या याला तू चिडणं म्हणतेस. मला नाही तसं वाटत. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढलं त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं, त्याच्या नावाने घास ठेवण्याचे दिवस, आणि ताटासमोर नातू विचारतो की ते आता आईस्क्रीम खाणारं हिरवं बाहुलं झालेत का. मीही उठले असते. 'अभद्र' हा शब्द त्यांच्या हाताशी होता, त्यांनी तो वापरला. दुसरा कुठला शब्द त्यांनी सुनेसमोर वापरायचा?

तेव्हा पहिलं काम. सर्वपित्री अमावास्येपर्यंत झॉम्बी एका फाइलमध्ये घाल आणि वर ठेवून दे. अपशकुन होईल म्हणून मुळीच नाही. घरात एक बाई अजून दुःखात आहे म्हणून. मुलीला कारणही हेच सांग, खोटं काही सांगू नकोस. आठ वर्षांची पोर एवढं समजते. उलट आपल्याला घरातलं काहीतरी मोठं सांगितलं म्हणून जरा ताठ चालते. त्या दिवसांत तिला मोर रंगवू दे, ट्रक रंगवू दे. अमावास्या झाली की घटस्थापनेला फाइल खाली येईल, असं कॅलेंडरवर खूण करून दाखव. दिलेली तारीख मात्र पाळ. नाहीतर पुढच्या वेळी ती तुझं ऐकणार नाही आणि बरोबरच करेल.

आणि नवरा. वडील त्याचेही गेलेत. पंचवीस पानं प्रिंट काढून आणणारा बाप मला आवडला, पण 'कागदाला काय घाबरायचं' हे तो नक्की कुणाला सांगतोय, ते एकदा बघ.

इथवर वाचून तुला वाटेल, मावशी झॉम्बीच्या विरोधात आहे. अजिबात नाही. बावीस वर्षं मी मुलांना चित्रकला शिकवली. मुलांना भुतं हवीच असतात. आपल्याकडे तर त्यांची भरती केवढी! पिंपळावरचा मुंजा, वाट चुकवणारा चकवा, पाण्यातला गिऱ्हा, उलट्या पावलांची हडळ, खवीस, समंध, झोटिंग. प्रत्येकाची जागा ठरलेली, काम ठरलेलं, सरकारी खात्यासारखं. वेताळ तर भुतांचा राजा; कोकणात आणि गोव्यात त्याची देवळं आहेत, आणि तुझ्या पुण्यात त्याच्या नावाच्या टेकडीवर लोक रोज पहाटे साखर उतरवायला चढतात. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आठव. झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरून बसलेला, तिथून गोष्ट सांगून राजालाच कोडं घालणारा. झॉम्बीचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही, फक्त जास्त शिकलेला.

माझ्या वर्गातला एक मुलगा एकदा मुंजा काढून घेऊन आला. पिंपळ, फांदीवर बसलेला मुंजा, अंगात गुलाबी स्वेटर. मी विचारलं, स्वेटर कशाला रे? म्हणाला, 'बाई, तो रात्रभर बाहेरच असतो ना.' त्यानंतर मी कुठल्याही मुलाच्या भुताबद्दल काळजी करणं सोडलं. ज्याला थंडी वाजेल असं वाटतं त्याची भीती किती वाटणार?

आणि तुझ्या पोराने तर अर्धं काम करून ठेवलंय. तो 'भूत' म्हणाला नाही, 'राक्षस' म्हणाला नाही. 'काका' म्हणाला. नातं जोडून झालंय, आता फक्त ओळख करून द्यायची राहिलीय. दिवसाढवळ्या कपाट उघडून ठेव आणि विचार, काकांचं नाव काय, ते काय काम करतात, त्यांना काय आवडतं. त्यालाच काकांचं चित्र काढू दे किंवा पानांतला त्यांच्यासारखा दिसणारा शोधू दे. एक मात्र करू नकोस. काही आया बाटलीत पाणी भरून 'हा भूत पळवायचा स्प्रे' म्हणून खोलीभर मारतात. हौस म्हणून ठीक, पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की आईलाही वाटतंय, इथे काहीतरी आहे. दिवा लाव, कपाट उघड, त्याचे स्वतःचे चार कपडे त्यालाच तिथे ठेवायला लाव. आणि झॉम्बीचं रंगकाम संध्याकाळच्या खाण्याच्या वेळी उरकत जा, जेवणानंतर नको. हे सगळं करूनही तीन-चार आठवडे झोप मोडत राहिली, किंवा तो दिवसाही एकटा बाथरूमला जाईनासा झाला, तर तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाल. बहुतेक वेळ येणार नाही.

मुलीला या झॉम्बींचं मूळ सांग. ऐकण्यासारखं आहे आणि ती त्या वयाची झाली आहे. हा शब्द हैतीचा. कॅरिबियन समुद्रातल्या एका मोठ्या बेटाच्या पश्चिम भागात फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि तिथे राबायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणलेली. मेल्यावर तरी आत्मा आफ्रिकेत घरी परत जाईल, ही त्यांची आशा. आणि सगळ्यांत मोठी भीती कुठली? मेल्यावरही कुणीतरी उठवेल आणि पुन्हा मळ्यावर राबवेल, ही. तो झॉम्बी. तो कुणाला चावत नाही, कुणाच्या मागे लागत नाही. नुसता राबतो, कारण स्वतःची इच्छाच त्याच्याजवळ उरलेली नाही. त्याला मीठ चाखायला मिळालं की तो भानावर येतो आणि आपल्या कबरीकडे परत जातो, अशी तिथली समजूत. (हे सासूबाईंना जरूर सांग. मीठ-मोहरीवर त्यांचाही विश्वास असणार.) त्या गुलामांनी १७९१ साली उठाव केला आणि १८०४ साली देश स्वतंत्र केला. माणसं खाणारा झॉम्बी फार नंतरचा, १९६८च्या एका अमेरिकन सिनेमातला, आणि गंमत म्हणजे त्या सिनेमात 'झॉम्बी' हा शब्द कुणी उच्चारतही नाही. मेंदू खाण्याची फॅशन तर १९८५ सालच्या दुसऱ्या एका सिनेमाची.

म्हणजे मुळात झॉम्बी हा सुट्टी न मिळालेला माणूस. तुझ्या मुलीच्या पुस्तकात त्याच्या हातात आईस्क्रीम दिलंय ते मला फार बरं वाटलं. दोनशे वर्षांनी का होईना.

आता पानं निवडण्याबद्दल. 'गोंडस' काय आणि काय नाही, ते पुस्तक छापणाऱ्याने ठरवायचं नसतं. चित्र गोंडस का वाटतं याचं एक उत्तर कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली दिलं होतं. मोठं डोकं, मोठे आणि जरा खाली असलेले डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय, म्हणजे तान्ह्या बाळाचं माप, दिसलं की आपल्याला आपोआप माया येते. कार्टूनवाले हे माप कोळून प्यायलेत. पण तुझा धाकटा मापं घेत नाही. तो तोंड बघतो. अंगठ्याने चित्राचं तोंड झाक आणि नुसते डोळे बघ, मग डोळे झाकून तोंड बघ. दोन्हींपैकी एक जरी दचकवणारं निघालं तरी ते पान लहान्याचं नाही. लोंबणारा डोळा आठ वर्षांच्या मुलीला विनोदी वाटतो, पाच वर्षांच्या मुलाला तो डोळाच वाटतो.

सगळी पानं जमिनीवर पसरायची आणि त्यालाच तीन गठ्ठे करू द्यायचे: मित्र, बघू, नको. 'नको'मध्ये गेलेलं पान ताईच्या फाइलमध्ये, त्याच्या नजरेआड. तिथे 'अरे, यात काय घाबरायचं' म्हणायचं नाही, नवऱ्यानेही नाही. महिन्याभराने तो स्वतःच 'नको'तलं एखादं 'बघू'त टाकेल. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की पैज लावेन.

आणि आता माझा आवडता भाग. पोपटी.

तुझी मुलगी सगळ्यांना पोपटी फासते कारण पेटीतला तो एकच खडू तिला 'झॉम्बी' वाटतो. तिला सांग, आपण आपला हिरवा स्वतः बनवू. पोपटी बाजूला ठेवायचा. चेहऱ्यावर आधी पिवळा, अगदी हलक्या हाताने, खडू आडवा धरून. मग एका बाजूने निळा, तोही हलका. हिरवा आपोआप उगवतो, आणि पेटीतल्यासारखा एकसारखा कधीच नसतो. जिथे निळा कमी तिथे पिस्ता, जिथे दाबला तिथे मोरपंखी. सावलीच्या बाजूला, म्हणजे हनुवटीखाली, कानामागे, डोळ्यांभोवती, जांभळा. आणि त्या हिरव्यावर लाल अगदी थोडा फिरवला तर शेवाळी होतो, जास्त झाला तर तपकिरी, कारण लाल-हिरवा समोरासमोर आले की एकमेकांचा तोरा उतरवतात. पहिल्यांदा जास्तच होईल. होऊ दे, तो चिखलात पडलेला झॉम्बी.

एक युक्ती मात्र आधी सांगून ठेव, नाहीतर ती रडेल. गालांवर गुलाबी हवा असेल तर हिरव्यावर गुलाबी चढत नाही, मळकट होतो. म्हणून गालांचे दोन गोल आधीच कोरे सोडायचे, बाकी सगळा चेहरा झाला की शेवटी त्यात गुलाबी भरायचा. हिरव्या चेहऱ्यावर ते दोन गुलबक्षी गोल आले ना, की मेलेला माणूस एकदम जत्रेहून आल्यासारखा दिसतो. डोळ्यांचा पांढरा भागही कागदाचाच ठेवायचा, पांढऱ्या खडूने घासायचा नाही. एक बुबुळ मोठं, एक छोटं.

ऑइल पेस्टल असतील तर आणखी गंमत. कपड्यावर आधी केशरी किंवा पिवळा दाबून, वर काळा किंवा वांगी दाबून, आणि मग टूथपिकने खरवडून टाके काढायचे. खालचा रंग रेघेतून बाहेर येतो. रंग एकमेकांत मिसळायचे असतील तर इअरबडला खोबरेल तेलाचा थेंब लावून फिरवायचा. थेंब म्हटलंय, बुडवायचा नाही; पान वड्याच्या कागदासारखं होतं.

टाक्यांवरून आठवलं. या झॉम्बींच्या अंगावर सगळीकडे ठिगळं असतात. तुझ्या सासूबाईंना गोधडी येत असेल, नाहीतर निदान त्यांच्या आईची आठवत असेल. घटस्थापना झाली की मुलीला ठिगळाचं एक पान घेऊन त्यांच्याकडे पाठव, 'आजी, इथे कुठलं कापड लावू' एवढंच विचारायला. झॉम्बी रंगवायला बस, असं त्यांना कुणी म्हणायचं नाही. कापडाचं विचारायचं. इरकलीचा काठ कसा, खणाची बुट्टी कशी, धावदोरा सरळ जातो की तिरका, हे बोलता बोलता त्या स्वतः खडू हातात घेतील, किंवा घेणार नाहीत. नाही घेतला तर पान परत आणायचं, काही बोलायचं नाही.

तुमच्या घरच्या प्रिंटबद्दल. ऑफिसचा कागद पातळ असतो, बहुतेक ७५ जीएसएमच्या आसपास. त्यावर स्केचपेन चालवलं की मागे उतरतं आणि दोनदा घासलं की लव निघते. स्केचपेन फक्त बाह्यरेषेला ठेव. पण त्याच पातळपणाचा फायदा करून घे. कागदाखाली चटईचा तुकडा, नाणं, पिंपळाचं पान, पॉलिश पेपर ठेवायचा आणि वरून मेणखडू आडवा घासायचा. शर्टाला आपोआप पोत येतो. धाकट्याला हे काम दे, त्याला जादू वाटेल. तुटलेले खडू टाकू नकोस, ते त्याचे. छोटा तुकडा मुठीत धरता येत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो, आणि पुढे पेन्सिल धरायची पकड तिथेच तयार होते. नवी कोरी पेटी मुलीला, तुकड्यांचा डबा त्याला. अन्याय वाटतो, पण आहे शहाणपणाचं. तो रेषेबाहेर जाणार. 'रेषेबाहेर गेलं बघ' हे वाक्य मी वर्गात बंद केलं होतं, घरी तू कर.

आणखी एक, जे मला झॉम्बी आवडण्याचं खरं कारण आहे. मुलं माणूस रंगवायला घेतला की काय मागतात? 'स्किन कलर द्या.' आणि पेटीतला तो फिकट गुलाबीसर खडू उचलतात, जो माझ्या वर्गातल्या एकाही मुलाच्या कातडीचा नव्हता. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने त्या रंगाचं नाव १९६२ साली बदलून पीच केलं. आपल्याकडे पोरांच्या तोंडून ते अजून गेलं नाही. झॉम्बी रंगवताना हा प्रश्नच येत नाही. त्याचा 'बरोबर' रंग कुणालाच माहीत नसतो. निळा कर, आमसुली कर, राखाडी कर. महिनाभर असे झॉम्बी रंगवून झाले की तिला आजीचं चित्र काढायला सांग आणि ती कुठला खडू उचलते ते बघ. मला कळव.

तू काठावर पास आहेस ते बरंच आहे. स्वतःसाठी एक पान घे आणि त्यांच्याबरोबर बस. त्यांचं बघून शिक, त्यांना विचार की कान कसला करू. चांगली चित्रं काढणाऱ्या आया शेजारी बसल्या की मुलं आपलं सोडून त्यांचंच बघत बसतात. तुझ्या बाबतीत हा धोका दिसत नाही. आणि बोलणं तेव्हाच निघतं, सगळ्यांची डोकी खाली असताना. धाकटा पुढचा प्रश्न तिथेच विचारेल, मान वर न करता. तूही मान वर करू नकोस. उत्तर दे आणि रंगवत राहा.

राहिली भिंत. मेणखडू असेल तर सुती फडक्याला थोडं खोबरेल लावून हळू पुसायचं, मग भांड्याच्या साबणाच्या पाण्याने. आधी पलंगामागच्या कोपऱ्यात करून बघ, कारण भिंतीला साधा डिस्टेंपर असेल तर खडूबरोबर भिंतीचा रंगही येतो आणि डागापेक्षा मोठा डाग होतो. ऑइल पेंट असेल तर निघेल. पण त्याआधी त्याला विचार, हे काय काढलंय. आमच्या मधल्या खोलीत १९९८ सालचा एक जांभळा उंट आहे, खिडकीखाली, तीन पायांचा. त्यानंतर घराला दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा रंगाऱ्याला मीच म्हटलं, बाबा, तेवढं सोडून दे, त्याच्या कडेकडेने ब्रश फिरव.

— मावशी